निळे वेगळे, करडे वेगळे

गाड्या धुऊन चकचकीत करून देणाऱ्या दुकानात मी किल्लीची वाट बघत बसलो होतो. पडद्यामागे सासरे आणि सून टॉवेल निवडत होते.

"बाबा, निळ्यांत हा करडा कसा आला?"

"आला असेल धुण्यातून."

"करडे चाकांचे. त्यात अडकलेला एक कण बॉनेटवर फिरला की ओरखडा. तुम्हीच शिकवलंत."

"झालं. गुरूची विद्या गुरूला."

"हा दुसरा. हा तिसरा. सकाळपासून कोण निवडतंय?"

"उजेड कमी आहे इथे."

"मग खिडकीशी या. हा कुठला?"

"दे, हात लावून सांगतो."

"हात नको. नुसतं बघून सांगा."

"पोरी, कामं पडलीयत."

"बाबा, रंग विचारतेय मी."

"तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस. उद्यापासून घरी बसवेल मला."

"आणि बाहेरची गाडी कुठल्या टॉवेलने पुसलीत?"

पडदा सारून म्हातारबुवाच बाहेर आले. किल्ली माझ्यापुढे धरली.

"निळी गाडी तुमचीच ना?"

सून त्यांच्या मागे येऊन थांबली होती.

"हो," मी म्हणालो, आणि माझी करडी गाडी घेऊन निघालो.