गाडी ट्रकवर चढणार नाही

सन्माननीय अध्यक्षमहोदय, आमची गाडी न्यायला आलेले संग्रहालयाचे संचालकसाहेब, जुन्या गाड्यांच्या मंडळाचे सभासद आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो, देवाचं नाव घेऊन उभी राहते.

आज आमच्या गाडीला निरोप. पुष्पगुच्छ ह्यांना, आणि आभाराचे दोन शब्द माझ्या वाट्याला. मुलाने बजावलंय, "आई, दोन म्हणजे दोनच!"

संचालकसाहेब आत्ताच म्हणाले, गाडी काचेच्या दालनात राहील, आणि ह्यांनी बसवलेला गिअरबॉक्स नि मागचा अ‍ॅक्सल काढून जुने परत लावतील. का, तर मूळ रूप. साहेब, तिथे ती उभीच राहणार ना? मग उभं राहायला गिअर कशाला लागतात?

जुना गिअरबॉक्स दात पडून निकामी झाला होता. ह्यांनी नंतरच्या काळातला, पाच गिअरचा बसवला. मला वाटलं, झालं काम. कुठलं! पहिला गिअर टाकला की संपला, आणि मोठ्या रस्त्यावर इंजिन आधीसारखंच किंचाळे. कारण अ‍ॅक्सल जुनाच. चाकापर्यंत पोचतो तो दोघांच्या आकड्यांचा गुणाकार. एक आकडा बदलला की दुसराही बदलावा लागतो. मी मॅट्रिकच, पण घरखर्च चालवणाऱ्या बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

भंगारातून अ‍ॅक्सल आणला, तर त्यावरचा आकडा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला मधला शाफ्ट किती फेरे घेतो तो, गंजलेला. मग तो बसवून गाडी मागून उचलून ठेवली, चाकांना आणि मधल्या शाफ्टला खडूच्या खुणा केल्या. एक चाक ह्यांनी फिरवायचं, एक मी, आणि शाफ्टचे फेरे मोजायला चटईवर सासूबाई. हे म्हणाले, "उजवीकडे फिरव." फिरवलं. सासूबाई ओरडल्या, "अरे, दांडा ढिम्म आहे!" आम्ही समोरासमोर, ह्यांचं उजवं म्हणजे गाडीचं पुढे, माझं मागे! चाकं एकमेकांच्या उलट, शाफ्ट जागच्या जागी. "संसारही असाच करता का रे?" असा टोमणा मिळाला. मग "पुढच्या दिव्यांकडे फिरव" म्हणाले, तेव्हा जमलं. तो अ‍ॅक्सल चढावर धापा टाकणारा निघाला. दुसरा आणला, पुन्हा बसलो.

आता टेकडीवरच्या देवळाचा चढ गाडी दुसऱ्या गिअरवर चढते, आणि परतताना मोठ्या रस्त्यावर आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येतं. हे काढून टाकणार तुम्ही?

हे "हो" म्हणाले, ठाऊक आहे मला. हा माणूस कुणालाच "नाही" म्हणत नाही. आत्ताही पदर ओढतायत, बस म्हणून. नाही बसणार! एक चाक मी फिरवलंय, आणि मला कुणी विचारलंच नाही. तर ऐका. गाडी जाणार नाही. बाहेरचा ट्रक रिकामा परत जाईल.

मुलगा म्हणतो, बाबांचा गुडघा आता क्लच दाबू देत नाही. खरं आहे. म्हणून मी शिकले. आज गाडी इथवर कुणी आणली, असं वाटलं तुम्हाला?

मंडळाने एवढा मान दिला, चहापाणी केलं, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर थोरांनी पोटात घालावं. "नाही" म्हटल्याबद्दल मात्र माफी मागत नाही. आणि हो, घरी जायची सोय नसेल त्यांनी दाराशी थांबा. मागच्या सीटवर तिघं आरामात बसतात.