सतराव्या पानावरची टिंबं

विसरण्याच्या आजाराच्या डॉक्टरांकडे यजमानांचा नंबर यायचा होता. मी मनात जप करत होते आणि शेजारच्या सासू-सुनेचं बोलणं त्यात मिसळत होतं.

“आई, लायब्ररीतून पुन्हा प्रेमकथाच आणलीत?”

“दीपगृहाच्या मालिकेचा अकरावा भाग आहे. यातला नायक अबोल आहे. मला तसाच लागतो. बोलका नायक लग्नानंतर ऐकत नाही.”

“बाबा बोलके होते ना?”

“म्हणून तर मी पुस्तकं वाचायला लागले.”

“हा भाग वाचलेला नाही ना?”

“छे, कालच आणलाय. वाचून झालं की मी सतराव्या पानावर पेन्सिलीनं टिंब देते. तेच पुस्तक दोनदा घरी यायला नको.”

“आणताना ते पान बघितलंत?”

“बघितलंच असेल. तू बघ की.”

“आई, टिंब आहे.”

“दुसऱ्या कुणाचं असेल.”

“चार आहेत. एकाखाली एक.”

“इकडे दे.”

“राहू दे, आई.”

“माझीच आहेत. मी दाबून देते, मागच्या बाजूला उठतं. शेवटी त्यांचं लग्न होतं का गं?”

“होतं.”

“तू कधी वाचलंस?”

“तुम्हीच सांगितलंत. या रविवारी, आणि त्याआधीच्या रविवारीही.”

“डॉक्टरांना हे कळलं, तर मला एकटीला घरात राहू देणार नाहीत.”

“ते नंतर बघू. चला, आपला नंबर आला.”

“थांब जरा. तुझ्या पर्समध्ये खोडरबर आहे का?”