सासरी चाललेली टीम

हॉकीची स्टिक गुडघ्यांत धरून प्रांजली रायपूरहून फायनल खेळून बसनं भिलाईला परतत होती. आईचा फोन तिनं दोनदा कट केला होता. कुम्हारीला एक म्हातारं जोडपं मागच्या सीटवर येऊन बसलं, आणि तिचे कान आपसूक तिकडे लागले.

"बेबी, हे पाह्य," म्हातारा म्हणाला. "भारताच्या पोरांच्या हॉकी टीमच्या जर्सीवर आदिवासी गोदना छापावा का, मोबाइलवर विचारून राहिले. हो दाबू का नाही?"

"दाखवा बरं. अव माय! हा तं माह्या हातावर गोंदलेलाच हाय!"

"मंग हो दाबतो. आपल्या गोंडांची शान!"

"थांबा जी! पोरीले सासरी जायच्या आधी गोंदतात हा. पुरी टीम नवरी झाली ना!"

"हट्!"

"गोलकीपर तं डोक्यावर पदर घेऊनच उभा राहीन!"

"हळू हास व, लोक पाहून राहिले."

"पाहू द्या. अन् कोच रडन, पोरी चालल्या म्हणून!"

"मंग नाही दाबू?"

"कावून? हो दाबा. परदेशात खेळाले जातात, सासरच झालं ते. जिंकून आले का ओवाळू."

प्रांजलीनं हसू आवरायला तोंडावर रुमाल दाबला.

"अन् हरून आले तं?"

"तं का? माहेर कायले असते मंग?"

मागे दोघं अजून खिदळतच होती. फोन पुन्हा वाजला. या वेळी प्रांजलीनं तो उचलला.

"आई, हरलो आम्ही. भात टाक, येऊन राहिली."