करंगळी

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात, दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट पाहून शिणलेल्या श्रीनिवास गुरुजींच्या शेजारी अल्लीपूरचं एक जोडपं येऊन टेकलं. बाई नुकतीच किडनीचे फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याच्या खोलीतून बाहेर आली होती.

“काय म्हणे वं डॉक्टर?”

“सुईतलं औषध किडनीतून खाली उतरत नाई म्हणे. रस्ता बंद दिसते. ऑपरेशन लागन.”

“आली पंचाईत!”

“एक सांगू जी? रागवू नका.”

“सांग ना, बाप्पा.”

“लघवी व्हायची दुसरी सुई देल्ली त्यानं. मंग इचारलं, ‘बाई, लागली का?’ लागली होती, पण मी नाई म्हटलं. दाबून धरली.”

“काऊन?”

“खोलीत सारे माणसंच. आन् वावरात दिवस दिवस धरतोच ना आमी बाया.”

“अवं, खालचं भरलेलं, तं वरचं उतरन कुठून? वावरात पाण्याचा दांड बुजला का पाणी मांगच तुंबते! जाय, सांग त्याले.”

“तुमीच सांगा.”

“मी काय सांगू, माह्या बायकोले लागली?”

“मंग राहू द्या. करतीन ऑपरेशन.”

“पागल हायस का? शाळेत मास्तरले कसं सांगत होती?”

बाई पदर सावरत उठली. दारापाशी गेली.

“काय झालं, बाई?” आतून डॉक्टर म्हणाला.

तिनं मान खाली घातली आणि करंगळी वर केली.

“अजून गेलाच नाहीत? आधी जाऊन या. फोटो पुन्हा काढू, मगच ऑपरेशनचं बोलू.”

ती तशीच उभी. करंगळी खाली येईना.

“जा, बाळ,” गुरुजींच्या तोंडून वर्गातल्या सवयीनं निघून गेलं.

तशी ती निघाली.