नदाफ बाई आणि निकाहनाम्यातला रकाना

अस्सलामु अलैकुम. नमस्कार.

काझीसाहेब, शाळेतले सगळे सर आणि बाई, मोहल्ल्यातली थोर मंडळी, आणि इथं आलेल्या माझ्या आया-बहिणींनो. नदाफ बाईंना जाऊन आठ दिवस झाले. जनाजा निघाला तेव्हा आम्ही बाया दारापर्यंत गेलो आणि तिथंच थांबलो. पुढं पुरुष गेले. म्हणून आज निपाणीत, या वाचनालयाच्या हॉलमध्ये, मी बोलायला उभी राहिले. मला भाषण येत न्हाय. कागदावर लिहून आणलंय, पण तो घडी करून ठेवते. तोंडाला येईल ते बोलते. सांभाळून घ्या.

मी शबाना. इथल्या मराठी शाळेत बाईंच्या हाताखाली शिकले. आता बेळगावात खासबागेत राहते आणि उद्यमबागेतल्या एका कारखान्यात ओतलेले सुटे भाग तपासते. हे काम माझ्याकडं कसं आलं, ते सांगते.

माझा निकाह ठरला तेव्हा मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. मुलगा बेळगावचा, घर चांगलं. शिक्षणाचं विचारलं तर सासरचे म्हणाले, "शिकू दे की, आमची कुठं ना हाय?" माझ्या अब्बांना तेवढं बास झालं. बाईंना झालं न्हाय. आदल्या दिवशी त्या घरी आल्या. सगळ्यांना खोलीतून बाहेर काढलं, दार लावलं. म्हणाल्या, "शबाना, उद्या निकाहचे वकील आणि साक्षीदार येऊन तुझी कबुली विचारतील. घरभर माणसं, आई रडत असणार. अशात कुठली पोरगी नको म्हणते? म्हणून मी आज विचारते. मुलगा पसंत हाय?"

"हाय."

"पुढं शिकायचंय?"

"व्हय."

"नोकरी करायची?"

मी नुसती मान हलवली. बाई चिडल्या. "तोंडानं बोल गं. माझ्या निकाहला मी मान हलवली म्हणून सगळे सांगतात. मला तर बसल्या बसल्या झोप लागून मान पडलेली!"

मी हसले. बाई हसल्या न्हाईत.

निकाहनाम्यात अटींचा एक रकाना असतो. आमच्याकडं त्यात आडवी रेघ मारतात आणि पुढं जातात. दुसऱ्या दिवशी ती रेघ मारायच्या आत बाई पुरुषांच्या बैठकीत जाऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर, हातात चष्मा. "काझीसाहेब, थांबा. मुलीची अट हाय. ती डिप्लोमा पुरा करणार, नोकरी करणार, कुणी अडवायचं न्हाय. लिहा."

काय गोंधळ झाला म्हणून सांगू! माझे सासरे ताडकन उठले. "हे लग्न हाय का कोर्ट?" मागनं कुणीतरी ओरडलं, "बाई दीन-धर्म बिघडवायला आलीया." बाई म्हणाल्या, "दीनात काय हाय ते काझीसाहेब सांगतील. तुम्ही बसा."

काझीसाहेब, तुम्ही काय म्हणालात, आठवतंय? तुम्ही म्हणालात, "अट घालता येते. नवऱ्यानं कबूल केली की तो बांधला गेला. आजवर कुणी घातली न्हाय, एवढंच."

बाई म्हणाल्या, "मग लवकर लिहा. दिवस कललाय, माझी असरची नमाज जाईल."

आणि नवरदेव म्हणाला, "लिहा." एवढाच एक शब्द. तो नवरदेव आज मागं आमच्या धाकटीला कडेवर घेऊन उभा हाय.

नंतर बाई अशाच कितीतरी घरी गेल्या. काही ठिकाणी लिहून घेतलं. काही ठिकाणी दारातनं परत आल्या. हळूहळू त्यांना लग्नांची बोलावणी यायची बंद झाली. मोहल्ल्यात कुणी म्हणायचं, ही बाई आमच्यातली न्हाय. आणि दुसरीकडनं काय झालं? एक मंडळ शाल-नारळ घेऊन आलं. बॅनरवर छापलं होतं, 'धर्माच्या बेड्या तोडणारी वाघीण'. बाईंनी ते वाचलं आणि विचारलं, "माझ्या पायात बेडी तुम्हाला दिसली कुठं? मी पाच वक्ताची नमाजी बाई. आणि तुमच्या लेकीच्या लग्नात तुम्ही काय लिहून घेतलं?" मंडळ चहा पिऊन परत गेलं. त्याच बाई, कॉलेजच्या दारात मुलींना डोक्यावरचा स्कार्फ काढा म्हणाले, तेव्हा त्या मुलींशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. स्वतः त्यांनी कधी बुरखा घातला न्हाय. मी म्हटलं, "बाई, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?" त्या म्हणाल्या, "जिचं डोकं हाय तिच्या."

आता जे बोलायचं ते बोलते. अब्बा, म्हणजे माझे सासरे, समोर बसलेत. अब्बा, राग धरू नका.

तीन वर्षांमागं माझी नणंद यास्मिन हिचा निकाह होता, आमच्याच घरी. ती नर्सिंगला होती. तिच्या सासरचे म्हणाले, "शिकू दे की." तेच शब्द. त्या दिवशी बाई बोलावणं नसताना निपाणीहून बस धरून आल्या. गुडघे दुखायचे, तरी आल्या. अब्बांनी दारातच सांगितलं, "बाई, आमच्या घरात एकदा झालं तेवढं बास."

मी कुठं होते? मी आतल्या पडद्याच्या मागं होते. हातात सरबताचा ट्रे. सगळं ऐकत होते. मी, जिचं शिक्षण, जिची नोकरी, जिच्या खिशातलं कारखान्याचं ओळखपत्र बाईंमुळं. मी बाहेर आले न्हाय. मला वाटलं, माझं चाललंय ना, कशाला ढवळा? बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या. त्यांना पाणीसुद्धा दिलं न्हाय आम्ही.

यास्मिनचं कॉलेज सहा महिन्यांत सुटलं.

दोन महिन्यांमागं बाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी माफी मागायला गेले. रडले. बाई म्हणाल्या, "माझ्याजवळ कशाला रडतीस? माझं काय गेलं? जिचं गेलं तिच्याकडं जा. आणि रिकाम्या हातानं जाऊ नको."

मी यास्मिनच्या कॉलेजात जाऊन पुन्हा प्रवेशाचा फॉर्म आणला आणि संकेश्वरला तिच्या सासरी गेले. सगळं सांगितलं. ती पोरीला भरवत होती. म्हणाली, "भाभी, तू पडद्यामागं होतीस, मला ठाऊक हाय. खाली तुझी चप्पल दिसत होती." तीन वर्षं तिला ठाऊक होतं. दर ईदला ती माझ्या घरी येऊन हसून बोलून गेली.

फॉर्म तिनं ठेवून घेतला. महिना गेला. बाई जायच्या दोन दिवस आधी कळलं, तिनं तो भरलाय. नवऱ्यानं अजून व्हय म्हटलेलं न्हाय. तिच्या पोरीला आमच्या घरी सांभाळायला अब्बांनी व्हय म्हटलंय. हे मला बाईंना सांगायचं होतं. मी रविवारची वाट बघत बसले, आणि बाई शुक्रवारी गेल्या. मला सुट्टी काढता आली असती. काढली न्हाय.

बहिणींनो, मला स्वस्थता न्हाय. इथं सगळे म्हणतायत, बाई थोर होत्या. होत्याच. पण त्या दारात उभ्या असताना आपण सगळे कुठल्या ना कुठल्या पडद्यामागं होतो. आज उजेडात येऊन रडणं सोपं हाय.

पुढच्या रविवारी बेळगावजवळ मच्छे गावात एक निकाह हाय. मुलगी बारावीत पहिली आलीय. मला बोलावणं न्हाय. मी आदल्या दिवशीच जाणार. दार लावून तिला विचारणार. ज्यांना यायचंय त्यांनी या.

आता दोन मिनिटं उभं राहूया. ज्यांना फातिहा पढायचाय त्यांनी पढावा, बाकीच्यांनी शांत उभं राहावं. नदाफ बाई, तुमच्या शबानाचा सलाम घ्या.