धा डाव पॅक

तुम्ही म्हणता, पोकर खेळून पोट भरणाऱ्याची मजा हाय. ऐका मग.

गणपतीत पालेगावला पोरगी बघायला गेलतो. पोरीचा बाप म्हणाला, "पत्त्यांवर घर चालतं? बस, खेळून दाखव." घरात तीनपत्ती चालूच होती. बसलो. पानं बघायची, भिकार असली की पॅक म्हणून टाकून द्यायची. सलग धा डाव टाकले. आवो, धंदाच तो हाय! गोव्याच्या टेबलावर पण दिवसभर मी हेच करतो.

पोरीचा काका हसला, "दादा, हा पत्त्यांना घाबरतो, संसार काय करनार?"

माझं टाळकं सटकलं. पानं न बघताच होते नव्हते तेवढे पैसे पुढं ढकलले. निव्वळ गाढवपणा. पानं उघडली तर तीन गुलाम!

सगळं घर ओरडलं. बाप म्हणाला, "आता पटलं. पोरगा कमावता हाय!"

सात वर्षं राग गिळून पानं टाकतोय, म्हणून चूल पेटते. ते कुणाला दिसत नाय. आन आता बायको रोज विचारते, "आवो, त्या दिवशीसारखं का नाय खेळत?"