सरांच्या रिपोर्टवरचा बाण

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, आजचे सत्कारमूर्ती आमचे सर, पहिल्या रांगेत बसलेल्या सरांच्या सौभाग्यवती म्हणजे आम्हा सगळ्यांच्या काकू, आणि चहा कधी येतोय म्हणून दाराकडे बघणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

सरांच्या खुर्चीत उद्यापासून मला बसायचं आहे, म्हणून गौरवाचे दोन शब्द बोलायला मलाच उभं केलंय. गौरव करते. ऐकणाऱ्यांनी जरा सांभाळून घ्यावं.

ही प्रयोगशाळा सरांनी उभी केली. थायरॉइडची तपासणी सुरू करायची, तर नॉर्मल रेंज हवी. त्यासाठी निरोगी माणसांचं रक्त हवं. सरांना निरोगी माणसं कुठे सापडली? इथेच! स्वतः सर, तेव्हा सव्वीस वर्षांचे, आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबर बॅडमिंटन खेळणारे मित्र. बाई एकही नाही. का? तर "बायकांचे आकडे हलतात." हलतात म्हणूनच मोजायचे ना, असं मी एकदा विचारलं. सरांनी असं पाहिलं, की मी गुपचूप सुई हातात घेतली.

पुढे मशीनं बदलली, रेंज मात्र तीच. गावातल्या आजीबाई, नुकत्याच बाळंत झालेल्या सुना, सगळ्यांची तुलना त्या बॅडमिंटनच्या टोळक्याशी! आकडा जरा वर गेला की रिपोर्टवर बाण, आणि बाण दिसला की थायरॉइडची गोळी. वयाबरोबर हा आकडा थोडा वर सरकतोच, तेव्हा वय बघा, बाई आहे की पुरुष ते बघा, रेंज वेगळ्या करा, असं टुमणं मी किती वर्षं लावलं! सरांचं उत्तर ठरलेलं, "रक्ताला वय नसतं." अध्यक्ष महोदय, माणूस सत्तरीला पोचला की आपली संस्था त्याला फुलं देऊन घरी पाठवते. म्हणजे वय संस्थेला कळतं, फक्त आमच्या रिपोर्टला कळत नाही!

आणि मग गेल्या वर्षी सरांच्याच रिपोर्टवर बाण आला. थोडासाच वर होता आकडा. सरांनी तो कागद आम्हा सगळ्यांसमोर नाचवला. "बघा, मी स्वतःलाही सूट देत नाही!" त्याच आठवड्यात गोळी सुरू.

बाण गेला. त्याच्याबरोबर सरांची झोपही गेली. हात थरथरायला लागले, छाती धडधडायला लागली, शर्ट ढगळ झाले. आणि चिडचिड? ती ज्यांनी भोगली ते समोरच बसलेत, त्यांनी हात वर करायची गरज नाही. आम्हाला वाटायचं, निवृत्तीचं मनाला लागलंय. होती ती नको असलेल्या गोळीची करामत. अहो, सत्तरीच्या माणसाला त्याच्याच सव्विशीनं आजारी ठरवलं होतं!

सर, मान हलवू नका. विश्वस्तांनी नव्या रेंज मंजूर केल्या आहेत, त्यांचे मनापासून आभार. बायकांच्या वेगळ्या, पुरुषांच्या वेगळ्या, वयाप्रमाणे. तुमचा तो जुना रिपोर्ट मी त्यात ठेवून पाहिला. बाण येत नाही.

काय म्हणालात? बायकांचं रक्त कोणी दिलं? पहिल्यांदा काकूंनी. बाही वर करता करता त्या मला म्हणाल्या, "माझं घे, पण आधी यांचं बघ गं. पहाटेपर्यंत छातीवर हात ठेवून बसलेले असतात. मला तरुण नवरा नको. म्हातारा आहे तोच राहू दे. पण राहू दे."

मला पुढे सुई टोचवेना. खरंच सांगते.

सर, तुमच्यावर आमचं फार प्रेम आहे, म्हणून हे सगळं चारचौघांत बोलले. एकांतात तुम्ही ऐकलं नसतंत. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. उद्या सकाळची डॉक्टरांची वेळ मी घेतली आहे, काकू बरोबर येतील. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला.

आणि सर, डॉक्टरांनी वय विचारलं, तर खरं सांगा.